कॉर्कमधले नऊ, मनामातले आठ

मनामा, १२ ऑक्टोबर १९८१

प्रिय मिलकाताईस,

हसाजीचा नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटाच्या मागे तू सात फांद्यांच्या दिव्याचं चित्र चिकटवलं होतंस. ताई, इथे पत्रं थेट खोलीवर येत नाहीत. कंपनीच्या पेटीत येतात आणि चार जणांच्या हातून फिरत माझ्यापर्यंत पोचतात. आमचा फोरमन सिराज पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "ये क्या है, झाड है क्या?" मी म्हटलं, "हाँ, झाड है." आणि पाकीट घेऊन लगेच सदऱ्यात खुपसलं.

रागावू नकोस. बहरीनला येऊन मला दोन वर्षं झाली, आणि मी कोण हे, यहूदी आहे हे, अजून इथे कुणाला माहीत नाही. मी खोटं काही सांगितलं नाही. नाव आजोबांचं, हसाजी. आडनाव पेणकर, गाव अलिबाग. एवढ्यावर सगळ्यांनी मला हिंदू धरलं आणि मी धरू दिलं. खोलीत आम्ही तिघं आहोत. गुहागरचा शिवदास सुतारकाम करतो आणि मुरुडचा ताहिर आमच्याच वर्कशॉपची व्हॅन चालवतो. दोघेही जिवाला जीव देणारे. ताहिर तर सुट्टीवरून येताना माझ्यासाठी वेगळा सुक्या बोंबलांचा डबा आणतो. पण त्यांना कळलं तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. पासपोर्ट कंपनीकडे असतो. एका शब्दावर माणसाला परत पाठवतात.

म्हणून हात जोडून सांगतो. पाकिटावर चित्र नको. लोदच्या लियामावशीचं नाव नको, त्या देशाचंही नको. प्रार्थनेच्या जागेला आपण घरी म्हणायचो तसं 'मशीद'च लिही. ते इथे चालून जातं.

तुझा,
हसाजी


कॉर्क, २ नोव्हेंबर १९८१

चि. हसाजीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. झाड म्हणे! मग रात्रीच्या ड्यूटीवर तेच पत्र पुन्हा काढलं, तेव्हा हसू आलं नाही. बरं बाबा, चित्र नाही, मावशी नाही.

पण इकडचं तर लिहिते. माझ्या वॉर्डात सेलिग नावाचे एक म्हातारे आपल्यातले आहेत. पायाची जखम भरत नाही. मी ड्रेसिंग करते आणि ते कॉर्कच्या आपल्या लोकांची हकिकत सांगतात. शंभर वर्षांपूर्वी हे लोक लिथुआनियातल्या लहान गावांमधून आले. अमेरिकेला जायचं होतं, पण भाडं इथपर्यंतच पुरलं. गॅसच्या कारखान्यामागे लाल विटांच्या बुटक्या घरांची आळी आहे, तिथे सगळे दाटीवाटीनं राहिले. पुरुष पाठीवर गाठोडी घेऊन खेडोपाडी फिरायचे. आणि विकायचे काय, तर कॅथलिक बायकांना त्यांच्याच संतांच्या तसबिरी! एकेकाळी चारशेच्या वर माणसं होती. दोन गट होते, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सेलिगआजोबा म्हणतात, "आता भांडायलाही माणसं उरली नाहीत."

मशीद अजून आहे, नदीच्या बाजूला. पण तुला ठाऊकच आहे, पुरी प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. इथे चालत येऊ शकणारे उरलेत नऊ. मोठ्या सणाला डब्लिनहून एखाद्याला बोलावतात. एरवी शनिवारी नऊ जण दाराकडे बघत बसतात. आम्ही बायका वर सज्जात. आमची मोजदाद नाही.

तू ये ना इकडे. मला इथे सगळ्यांनी घरच्यासारखं मानलंय, तुलाही मानतील. नाव लपवायला नको, पाकीट लपवायला नको.

तुझी ताई,
मिलका


मनामा, १८ जानेवारी १९८२

प्रिय ताईस,

उत्तराला उशीर झाला. डिसेंबरात इथे सरकार उलथवायचा कट सापडला आणि मोठी धरपकड झाली, रस्त्यात गाड्या थांबवून तपासत होते. त्याच्याशी माझा काही संबंध नाही, पण पत्र लिहायला हात होत नव्हता. आता दुसरंच झालंय आणि तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही.

जुन्या बाजारामागे एका घरी फ्रिज दुरुस्तीला गेलो होतो. ताहिर गॅसचं सिलिंडर घेऊन मागे होता. दार उघडं होतं. आत पाऊल टाकताना माझा उजवा हात आपोआप वर गेला, चौकटीला लागला आणि ओठांना लागला. मग मी पाहिलं. चौकटीवर प्रार्थनेची चिठ्ठी ठेवतात ती तिरकी लाकडी नळी ठोकली होती, अलिबागच्या आपल्या दारावर होती तशीच. डोळ्यांआधी हाताला कळलं, ताई.

समोर एक म्हातारी उभी होती. तिला इथे उम्म सालेह म्हणतात, म्हणजे सालेहची आई. तिचे सासू-सासरे फार पूर्वी बगदादहून इथे आले, आणि तिचं स्वतःचं लहानपण भायखळ्याला गेलं, म्हणून हिंदुस्थानी येते. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "कहाँ का है तू?"

"अलिबाग."

"अलिबाग में तो तेलवाले रहते थे. शनिवार को काम नहीं करते थे."

शनवार तेली म्हणजे आपणच, तिनं बरोबर ओळखलं होतं. मी फक्त "जी" म्हटलं. तिनं आतून खजूर आणून माझ्या हातात कोंबले. म्हणाली, इथे आपली थोडीच घरं उरलीत. पूर्वी पुष्कळ होती. सत्तेचाळीस साली दंगा झाला आणि लोक गेले. जे राहिले ते उघड राहिले. दुकानं आहेत, शेजारी ईदचं ताट पाठवतात. मी लपून राहतो हे ऐकून तिला नवल वाटलं. पण ती इथलीच आहे ताई, तिचा पासपोर्ट तिच्या कपाटात आहे. माझं तसं नाही.

ताहिरनं सगळं पाहिलं होतं. परतल्यावर तो खोलीवर जेवला नाही. परवा त्यानं वळकटी बांधली आणि मुहर्रकला अन्सार नावाच्या गाववाल्याच्या खोलीवर राहायला गेला. शिवदास मला विचारतो, "तुमचं दोघांचं काय झालं रे?" मी काय सांगू? रोज वाटतं, आज सिराज बोलावणार.

हसाजी


कॉर्क, ५ फेब्रुवारी १९८२

चि. हसाजी,

तुझं पत्र वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका पेशंटचं बीपी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा लिहायला विसरले.

तू तिथून नीघ. मी इथे बोलले आहे. आपल्यातल्या एकाची मोठी लाँड्री आहे. मशीनं सांभाळायला माणूस हवाय आणि तो तुझ्यासाठी थांबायला तयार आहे. परमिटचे कागद तोच करील.

सेलिगआजोबांना तुझी गोष्ट सांगितली. ते मग म्हणाले, "मी चार वर्षांचा होतो. आम्ही लिमरिकला राहत होतो." तिथल्या एका पाद्र्यानं देवळात सांगितलं, या लोकांकडून काही घेऊ नका, यांना काही विकू नका. दुसऱ्या दिवशी रोजची गवळण दारावरून पुढे गेली. आजोबांची आई भांडं हातात घेऊन तिच्या मागे धावली. गवळण रडत होती, पण थांबली नाही. मग वडिलांनी पलंग, भांडी, शिवणाचं मशीन सगळं गाडीत घातलं आणि कॉर्कला आले. इथल्या आळीनं त्यांना जागा दिली. एका घरात तीन कुटुंबं. "तुझ्या भावाला सांग," म्हणाले, "गवळण पुढे जायची वाट बघू नकोस."

पत्र मिळताच उत्तर टाक. इथे सगळे तुझी वाट बघताहेत.

ताई


कॉर्क, २८ जून १९८२

हसाजी,

फेब्रुवारीच्या पत्रानंतरचं हे माझं चौथं पत्र. मार्चमध्ये लिहिलं, एप्रिलमध्ये लिहिलं, मे महिन्यात लिहिलं. तू कुठे आहेस? आजारी आहेस का? ताहिरनं काही सांगितलं का? कंपनीच्या नंबरावर ट्रंककॉल लावला, तर कुणीतरी अरबीत बोललं आणि फोन ठेवून दिला.

आता लेबनॉनची लढाई सुरू झाली. रोज संध्याकाळी टीव्हीवर धूर दिसतो आणि मी तुझा विचार करते. परवा बसमध्ये दोन माणसं आपल्या लोकांबद्दल वाटेल ते बोलत होती. एकानं मला म्हटलं, "तुम्ही हिंदू किती शांत." आणि मी मान हलवली, हसाजी! एवढी मोठी मी, तुला उपदेश करणारी. घरी येऊन दिवा न लावताच बसून राहिले. तुझं पहिलं पत्र मला त्या दिवशी कळलं.

एक ओळ लिही. 'जिवंत आहे' एवढंच लिही.

मिलका


मनामा, २० जुलै १९८२

प्रिय ताईस,

जिवंत आहे. तुझी सगळी पत्रं मिळाली होती. लिहायला बसायचो आणि कुणी खोलीत आलं की कागद उशीखाली सारायचो. मग तो फाडून टाकायचो. माफ कर. आता सगळं सांगतो.

ताहिरनं कुणाला काही सांगितलं नाही. मी मात्र पाच महिने त्याची वाट चुकवत होतो. शुक्रवारी उम्म सालेहकडे जायचो. ती भाताबरोबर मसाल्याची कोंबडी करायची आणि मी अलिबागच्या आळीतल्या गोष्टी सांगायचो. तिची मुलं लंडनला असतात. जूनच्या मध्याला ती गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. बाजारात याकूब नावाच्या गृहस्थांचं घड्याळांचं दुकान आहे, तेच इथल्या आपल्या लोकांचं सगळं बघतात. उम्म सालेहकडून त्यांना माझ्याबद्दल कळलं होतं, म्हणून त्यांनी वर्कशॉपवर फोन केला. म्हणाले, "दुपारी दफन आहे. खांदा द्यायला माणसं कमी आहेत. तुला जमलं तर ये. नाही जमलं तरी कुणी दोष देणार नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं मी अडकलो. कामाचा दिवस होता. कबरस्तान रस्त्याला लागून, भिंत बुटकी. टीव्हीवर रोज बैरूत. मी सिराजकडे अर्धी सुट्टी मागितली. "कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "एका बाईच्या मयताला." तो म्हणाला, "व्हॅन घेऊन जा, तेवढाच लवकर येशील."

व्हॅन म्हणजे ताहिर. मी बाजूला बसलो. सलमाबादचे कारखाने मागे पडले. मग तोच म्हणाला, "म्हातारी गेली ना?"

"हो."

"यहूदी होती."

"हो. मीपण आहे."

त्यानं व्हॅन कडेला घेतली. मला वाटलं, आता उतर म्हणेल. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. म्हणाला, "मुरुडला आमच्या शेजारी तुमची दोन घरं होती. माझ्या बापाच्या जन्माला तुमच्यातलीच सुईण होती. हे मी तुला शंभर वेळा सांगितलं असतं, पण तू विचारशील तर ना! एका ताटात जेवलो आपण. तू मला काय समजलास? जाऊन सांगेन?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

"भीती माझीच वाटली ना?" तो म्हणाला. "तेच लागलं मला." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगतो, रागपण आला. रोज मेलेली पोरं दाखवतात. तू त्यातला नाहीस हे डोक्याला कळतं. पण डोकं नेहमी कामाला येत नाही. चल, यल्ला, उशीर होईल."

कबरस्तानात सात पुरुष होते. माझ्यासह आठ झाले. दहा नव्हते, म्हणून मयताची कदिश प्रार्थना झाली नाही. याकूबसाहेबांनी स्तोत्रं वाचली. ऊन असं होतं की तिरडीचा दांडा हाताला भाजत होता. मला कुणी काही विचारलं नाही ताई, कुठला, कोणत्या घराण्यातला, काहीच नाही. याकूबसाहेबांनी फक्त पुढची बाजू दाखवली आणि मी खांदा दिला. ताहिर भिंतीबाहेर व्हॅनपाशी टोपी घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सिराजनं केबिनमध्ये बोलावलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "तू आहेस तरी कोण?" मी सांगून टाकलं. तो कितीतरी वेळ पेन उघडत आणि मिटत होता. म्हणाला, "कंपनीला मशीन चालू पाहिजे. मला तुझ्याशी काही वैर नाही. पण वर कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुझा व्हिसा डिसेंबरात संपतो. तेव्हा बघू."

म्हणजे डिसेंबरपर्यंत टांगलेला. तुझ्या लाँड्रीवाल्याला कळव, मी यायला तयार आहे. काय कागद लागतील ते लिही.

तुझा,
हसाजी


कॉर्क, १५ ऑगस्ट १९८२

चि. हसाजीस,

तुझं पत्र मी सेलिगआजोबांना वाचून दाखवलं, वाक्यावाक्याला इंग्रजी करून. ताहिरच्या बोलण्यापाशी त्यांनी हात वर केला आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

आता तू कागद विचारलेस, तेव्हा मला सांगणं भाग आहे. मी तुला सगळं नीट लिहिलं नव्हतं. मी इथे आले तेव्हा मशिदीचे सेक्रेटरी मला जिन्यात अडवून म्हणाले होते, "मिस पेणकर, तुमच्या देशात ज्यू असतात हे आम्ही ऐकलेलं नाही." मी आजोबांचं नाव सांगितलं, सण सांगितले, शमाची प्रार्थना म्हणून दाखवली. ते म्हणाले, उच्चार वेगळा आहे. बायकांची मोजदाद नाही, म्हणून मला सज्जात बसू दिलं. दहा वर्षं मी तिथेच बसते. माझ्या बाजूची खुर्ची बहुतेक रिकामी असते. घरच्यासारखं मानलंय असं मी लिहिलं, कारण तू यावास म्हणून मला काहीतरी छान लिहायचं होतं.

तुझं नाव निघालं तेव्हा कमिटी बसली. दहावा माणूस हवा तर आहे. पण त्याला दहावा धरायचं की नाही, ते मुंबईहून ज्यू असल्याचा दाखला आल्यावर ठरवू म्हणाले. तोही पुढे लंडनच्या मोठ्या धर्मगुरूंकडे पाठवणार. लाँड्रीवाला म्हणतो, नोकरी पक्की आहे, पण मशिदीचं मला विचारू नका.

सेलिगआजोबा व्हीलचेअरवरून कमिटीसमोर गेले होते. ओरडले, "लिमरिकहून आलो तेव्हा माझ्या आईकडे कुणी दाखला मागितला होता?" सेक्रेटरी वाईट माणूस नाही, हसाजी. त्याला खरंच भीती वाटते की चुकीचा माणूस धरला तर प्रार्थना खोटी होईल. पण मी मात्र उठून त्या खोलीबाहेर गेले.

तरी ये. नोकरी आहे, मी आहे. दाखल्यासाठी मुंबईला लिहू का?

ताई


मनामा, ३ ऑक्टोबर १९८२

प्रिय ताईस,

मुंबईला लिहू नकोस.

गेल्या रविवारी संध्याकाळी दारफाळणीचा, मोठ्या उपासाचा सण सुरू झाला. इथे येऊन तीन वर्षांत पहिल्यांदा मी तो पाळला. याकूबसाहेबांच्या घरी दारं लावून आम्ही आठ जण बसलो. त्यांचा सूर अरबी वळणाचा, माझा अलिबागचा. मी एकदा पुढे गेलो आणि ते मागे राहिले, तर त्यांनी थांबून मलाच म्हणायला लावलं. दहा नाहीत म्हणून गाळायचं ते गाळलं. उपास कडक होता, पण पोटाकडे लक्ष नव्हतं.

कारण आदल्याच आठवड्यात बैरूतच्या निर्वासितांच्या छावणीतली चित्रं आली होती. बायका, मुलं गल्लीत पडलेली. ताहिर आता परत आमच्या खोलीत राहायला आलाय. तो, शिवदास आणि मी, तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. ताहिर रडत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते दाखवायचा मला हक्क आहे की नाही, कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दोन दिवस पाहिलं नाही. उपास सुटला त्या संध्याकाळी मी खोलीवर आलो, तर झाकून ठेवलेलं ताट होतं. शिवदास म्हणाला, "मी नाही, त्यानं ठेवलंय."

ताई, मी खूप विचार केला. मी आलो तर तू एकटी राहणार नाहीस, हे एकच माझ्या मनाला खातं. पण इतकी वर्षं मी कोण ते लपवत होतो. तिथे येऊन मी कोण ते सिद्ध करत बसू? मला दोन्हीची ताकद नाही. इथे आम्ही आठ आहोत. दहा कधीच होणार नाहीत, हे याकूबसाहेबांनाही ठाऊक आहे. पण मी गेलो तर सात होतील.

व्हिसाचं अजून काही नाही. सिराज डोळ्याला डोळा देत नाही. नाही मिळाला, तर अलिबागला जाईन. रागावू नकोस.

हसाजी


कॉर्क, ३० नोव्हेंबर १९८२

चि. हसाजीस,

रागावले होते. दोन आठवडे तुझं पत्र कपाटात टाकून दिलं होतं. मग इथे जे झालं त्यानंतर राग टिकला नाही.

सेलिगआजोबा गेले. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "माझं मूलबाळ नाही. कदिश कोण म्हणेल?" मी म्हटलं, होईल व्यवस्था. नऊ जण होते, दहावा डब्लिनहून मोटारीनं निघाला होता. त्या दिवशी धुकं असं की कबरस्तानाचं फाटक दिसत नव्हतं. आम्ही थांबलो. माती टाकून झाली. सेक्रेटरी घड्याळ बघत होते. मोटार आली नाही. शेवटी ते म्हणाले, "आपल्याला निघावं लागेल." आणि सगळ्यांनी कॉलर वर केल्या.

मी बायकांच्या बाजूला होते. आम्ही दोघीच. मला काय झालं ते सांगता येत नाही. ते चार वर्षांचं पोर आणि भांडं घेऊन धावणारी त्याची आई माझ्या डोळ्यांपुढे आली. मी पुढे झाले आणि कदिश म्हणायला लागले, आपल्या अलिबागच्या उच्चारात, मोठ्यानं. बाबांच्या वेळी तू म्हटली होतीस, तेव्हा माझी पाठ झाली होती. नऊही जण थिजले. पहिलं कडवं झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. माझा आवाज कापायला लागला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन." मग आणखी एक. पुढे सगळे म्हणाले की नाही, मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते.

फाटकापाशी सेक्रेटरी माझ्याजवळ आले. टोपी हातात. म्हणाले, "मिस पेणकर, हे मोजता येणार नाही."

मी म्हटलं, "मोजू नका. ऐकलंत ना?"

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी फाटक धरून ठेवलं.

मी घरी येऊन चहा केला आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. तुला पाहून दहा वर्षं झाली, हसाजी. तू इकडे येत नाहीस, तर मीच येऊ का? मार्चअखेरीस पेसाहचा सण आहे. रजा शिल्लक आहे. पण माझ्या येण्यानं तुझ्या नोकरीला धक्का लागणार असेल तर तसं स्पष्ट लिही. मला विमानाची नाही, विमानतळाची भीती वाटते. तिथे काय विचारतात? मी काय सांगू?

ताई


मनामा, ९ जानेवारी १९८३

प्रिय ताईस,

आधी सेलिगआजोबांबद्दल. तुझं पत्र मी याकूबसाहेबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ घड्याळाचं झाकण पुसत राहिले. मग उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आजोबांचं नाव विचारलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. परवा शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागताना, त्या नावानं दिवा लावला.

आता व्हिसा. डिसेंबर संपत आला तरी काही कळेना. शिवदासनं माझी पेटी पाहिली, अर्धी भरलेली. त्यानं दोरी आणून ठेवली. मग एका सकाळी सिराज वर्कशॉपमध्ये आला, सगळ्यांसमोर पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दो साल. चल, काम पे लग." वर कुणी विचारलं की नाही, आणि विचारलं तर तो काय म्हणाला, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. भीती गेलीय असं समजू नकोस. अजून फोन वाजला की मी आधी सिराजच्या चेहऱ्याकडे बघतो.

तू ये. याकूबसाहेबांच्या घरी तुझी सोय केली आहे. त्यांच्या बायकोनं आत्ताच विचारून ठेवलंय की तुमच्याकडे बिनखमिराच्या भाकरी तांदळाच्या करतात की गव्हाच्या. ताहिर व्हॅन घेऊन येणार आहे. तो म्हणतो, मुरुडच्या सुईणीचं नाव ताईंना नक्की माहीत असेल. मला शंका आहे, पण त्याला तसं सांगू नकोस.

विमानतळावर पासपोर्ट बघतात. कुणाकडे आलात, किती दिवस, एवढंच बहुतेक विचारतात. धर्म विचारत नाहीत असं याकूबसाहेब म्हणतात, पण त्याची खात्री मी देऊ शकत नाही. काउंटरवरचा माणूस कसा असेल, त्या दिवशी टीव्हीवर काय दाखवलं असेल, काय सांगावं. विचारलंच, तर जो आहे तो सांग. तुझा आवाज कापेल. कापू दे. मी काचेच्या या बाजूला उभा असेन, आणि तुला परत पाठवायला लागले तर मी आत येऊन सांगेन की ही माझी बहीण आहे.

तुझा,
हसाजी